हेराचा चेहरा

हेराची भूमिका ही नटाच्या कलेतली एक विलक्षण अडचणीची भूमिका आहे. इतर भूमिकांत नटाने एकदाच रूप पालटावयाचे असते; हेराच्या भूमिकेत ते दोनदा पालटावे लागते. आधी नटाने हेर व्हावयाचे आणि मग त्या हेराने फकीर, गोंधळी, वासुदेव किंवा घोड्यांचा सौदागर व्हावयाचे. त्यातही गंमत अशी की, पडद्यावरच्या शत्रूने त्याला मुळीच ओळखता कामा नये, आणि समोर अंधारात बसलेल्या प्रेक्षकाने मात्र त्याला ओळखलेच पाहिजे. प्रेक्षकाने ओळखले नाही तर कथा कळत नाही, आणि फारच सहज ओळखले तर शत्रू मूर्ख वाटू लागतो. या दोन टोकांमध्ये जी अरुंद वाट आहे तिच्यावरून नटाला चालावे लागते.

मराठी प्रेक्षकांपुढे हा प्रश्न अलीकडे उभा राहिला तो बहिर्जी नाईकाच्या निमित्ताने. दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांची माला योजिली आणि तिला 'शिवराज अष्टक' असे नाव दिले. 'फर्जंद' २०१८ च्या जून महिन्यात आला, 'फत्तेशिकस्त' २०१९ च्या नोव्हेंबरात, 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' हे दोन्ही २०२२ साली, आणि 'सुभेदार' २०२३ साली. या पाचही चित्रपटांत महाराजांची भूमिका चिन्मय मांडलेकर यांनीच केली. राजा तोच राहिला. हेर मात्र बदलला. 'फर्जंद'मध्ये बहिर्जी झाले होते प्रसाद ओक, आणि पुढच्याच चित्रपटात, म्हणजे 'फत्तेशिकस्त'मध्ये, त्या जागी हरीश दुधाडे आले. दिग्दर्शक एक, राजा एक, काळ एक. आणि राजाच्या सर्वांत विश्वासू माणसाचा चेहरा मात्र निराळा. साहजिकच प्रेक्षकांत प्रश्न सुरू झाला की, खरा बहिर्जी कोणता?

असा प्रश्न विचारण्याची मराठी माणसाला मोठी हौस आहे, आणि ती आजची नाही. 'नटसम्राट' नाटकातील गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० च्या डिसेंबरात प्रथम रंगभूमीवर आणली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती केली, आणि प्रत्येकाबरोबर एक एक पक्ष तयार झाला. लागूंचे बेलवलकर विचारी की भटांचे बेलवलकर अधिक जिव्हाळ्याचे, यावर किती संध्याकाळी खर्ची पडल्या याची गणती करणे कठीण. महाराजांच्या भूमिकेचेही तसेच आहे. १९२३ सालच्या 'सिंहगड' या मूकपटात बाबूराव पेंटर स्वतः शिवाजीमहाराज झाले. १९३० च्या 'उदयकाल'मध्ये व्ही. शांताराम झाले, भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त चंद्रकांत झाले. ज्या पिढीने ज्यांना प्रथम पाहिले त्या पिढीला तेच खरे वाटले.

पण महाराजांच्या बाबतीतल्या वादाला निदान एक कसोटी आहे. महाराजांची समकालीन चित्रे उपलब्ध आहेत. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे ठेवले, आणि त्यापूर्वी घरोघर लावले जाणारे चित्र भलत्याच माणसाचे होते हे उघड झाले. चित्राखेरीज शब्दांतले वर्णनही आहे. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले त्या वेळी तेथील इंग्रज वखारीत एस्कॅलिओ नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याने लगोलग विलायतेस पत्र लिहून, महाराजांना पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून, त्यांची मध्यम उंची, ताठ आणि बांधेसूद शरीर, चपळ आणि भेदक डोळे यांचे वर्णन केले. तेव्हा एखादा नट महाराजांच्या वेषात उभा राहिला तर त्याच्या नाकाकडे, दाढीकडे आणि डोळ्यांकडे बोट दाखवून, हे जमले आणि हे जमले नाही, असे म्हणता येते.

बहिर्जीच्या बाबतीत यातले काहीही नाही. त्याचे चित्र नाही, वर्णन नाही, हस्ताक्षर नाही. ज्या सुरतेच्या स्वारीने महाराजांचे वर्णन इंग्रजांच्या पत्रात उतरले, त्याच स्वारीच्या आधी बहिर्जी त्या शहरात वावरून गेला होता. वखारीतल्या कोणा कारकुनाने त्याला पाहिलेही असेल. पण पाहिले तरी लक्षात ठेवले नसेल, आणि लक्षात ठेवण्याजोगे काही दिसूच नये हेच तर त्याचे काम.

मग त्याच्याविषयी निश्चित असे काय ठाऊक आहे? या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या वाक्यांत संपते. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्राची बखर लिहिली. तीत बहिर्जीचे नाव मुख्यतः दोन प्रसंगी येते. पहिला प्रसंग सुरतेचा. बहिर्जीने शहराची माहिती काढून आणली आणि सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल असे महाराजांना सांगितले. ही बातमी किती बिनचूक होती ते पुढील घटनाच सांगतात. ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज सुरतेत शिरले तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्याचे दरवाजे लावून आत बसला. विरजी व्होरा आणि हाजी सय्यद बेग यांच्यासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांचे वाडे मराठ्यांनी नेमके गाठले. सर जॉर्ज ऑक्झिंडनच्या इंग्रज वखारीने मात्र प्रतिकाराची सिद्धता केली होती. तिच्या मागे लागून वेळ दवडला गेला नाही. चार-पाच दिवसांत काम आटोपून, मोगलांची कुमक येण्यापूर्वी, फौज परत फिरली. शहर कोणते, वाडा कोणाचा, बंदोबस्त किती आणि मदत येण्यास किती दिवस लागतील, एवढ्या सगळ्याचा हिशेब कोणीतरी आधीच करून ठेवल्याखेरीज अशी मोहीम पार पडत नाही.

दुसरा प्रसंग सोळा वर्षांनंतरचा, आणि तो अधिक हृद्य आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात महाराजांनी जालना शहर लुटले. परतताना लुटीच्या ओझ्याने फौजेची चाल मंदावली होती. मोगल सरदार रणमस्तखान याने तिला गाठले, लढाई झाली आणि सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. खुद्द महाराजांभोवतीच शत्रूचा वेढा आवळत होता. अशा वेळी बहिर्जीने सुखरूप बाहेर काढण्याची हमी घेतली आणि तीन दिवस, तीन रात्री आडवाटेने चालवून महाराजांना पट्टा किल्ल्यावर आणून पोहोचविले. नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवरील हा किल्ला. महाराजांनी तेथे विश्रांती घेतली म्हणून त्याचे नाव विश्रामगड पडले.

सुरतेच्या प्रसंगी बहिर्जी परक्या शहरात मुक्काम करून होता. जालन्याच्या प्रसंगी तो आपल्या मुलखातील अंधाऱ्या वाटा तोंडपाठ असलेला वाटाड्या होता. दोन्ही ठिकाणी त्याने वेष कोणता घेतला होता याविषयी बखर विशेष काही बोलत नाही. स्वभावाविषयी ती एवढेच सुचविते की, तो शहाणा होता आणि चौकस होता. एखाद्या नटाला भूमिका बांधण्यासाठी इतिहासाने दिलेली सामग्री ती हीच: दोन विशेषणे आणि दोन प्रवास.

यापलीकडे जे आहे ते लोकस्मृतीचे. लोकस्मृतीत बहिर्जी सर्वत्र आहे. तो अफजलखानाच्या छावणीत आहे, पन्हाळ्याच्या वेढ्यात आहे, लाल महालात आहे आणि आग्र्यासही आहे. तो पाखरांचे आवाज काढतो, नाना भाषा बोलतो, दर घटकेस नवे सोंग घेतो. त्याच्या जातीविषयीही एकमत नाही. बखर त्याला जाधव म्हणते. नाईक ही पदवी रामोशांच्या मुख्यांनाही असे, आणि लोकपरंपरा त्याला त्या समाजाशी जोडते. हा प्रश्न वरवर वाटतो तेवढा बिनमहत्त्वाचा नाही. नटाने धोतर कसे नेसावे, मुंडासे कसे बांधावे, बोलताना कोणत्या भागाची बोली वापरावी, हे सारे त्यावर अवलंबून आहे. स्वराज्याच्या कथेत सरदार आणि सेनापती पुष्कळ आहेत. ज्यांच्या घराण्याची वंशावळ नाही अशा माणसांची नावे थोडी. त्यामुळे बहिर्जीचा चेहरा कसा असावा याचा वाद हा पुष्कळदा, स्वराज्य नेमके कोणी उभे केले, या वादाचेच एक रूप असतो.

येथे थोडे बाहेरच्या जगाकडे पाहावयास हवे, कारण ज्याच्या चेहऱ्यावरून सर्वांत दीर्घ आणि सर्वांत उत्साही वाद झाले तो पडद्यावरचा हेर विलायतेतला आहे. इयान फ्लेमिंग हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता शाखेत होता. त्याने १९५३ साली जेम्स बाँड नावाच्या हेराची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. १९६२ साली 'डॉक्टर नो' हा पहिला चित्रपट निघाला. आणि २०२१ पर्यंत मूळ निर्मितिसंस्थेने पंचवीस चित्रपट काढले. त्यांत सहा नट बाँड झाले. शॉन कॉनरी यांनी सहा चित्रपट केले, जॉर्ज लेझनबी यांनी एकच, रॉजर मूर यांनी सात, टिमथी डाल्टन यांनी दोन, पियर्स ब्रॉस्नन यांनी चार आणि डॅनिएल क्रेग यांनी पाच. त्यांपैकी मूर यांचा 'ऑक्टोपसी' १९८३ साली आला. तो उदयपूरला चित्रित झाला होता आणि त्यात कबीर बेदी व विजय अमृतराज होते, हे आपल्याकडील पुष्कळांना आठवत असेल.

कॉनरींचा बाँड दणकट, मूर यांचा मिस्किल, डाल्टन यांचा गंभीर, अशी वर्गवारी त्या चाहत्यांनी करून ठेविली आहे, आणि तिच्यावरून ते पिढ्यान् पिढ्या भांडत आले आहेत. क्रेग यांची निवड २००५ साली जाहीर झाली तेव्हा, सोनेरी केसांचा बाँड आम्हांस नको, म्हणून मोठा गदारोळ झाला होता. पुढच्याच वर्षी चित्रपट पाहून त्यांतले पुष्कळ गप्प बसले. वस्तुतः बाँडचा चेहरा फ्लेमिंगने पुस्तकात लिहूनच ठेवला होता. होगी कार्मायकल या अमेरिकन गायकासारखा तो दिसतो आणि त्याच्या गालावर व्रण आहे, असे ते वर्णन. सहांपैकी एकाचेही रूप त्याच्याशी फारसे जुळत नाही, आणि चाहत्यांनी त्याबद्दल कधी फारशी तक्रार केलेली नाही.

याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. कॉनरी हे स्कॉटलंडचे. फ्लेमिंगला प्रथम त्यांची निवड फारशी पसंत नव्हती. पण चित्रपट गाजले, मत पालटले, आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्याने बाँडचा बाप स्कॉटिश होता असे लिहून टाकले. नटाने पात्राचे पूर्वजच बदलून घेतले! काल्पनिक हेराच्या बाबतीत यात कोणाचे काही बिघडत नाही. लेखक त्या पात्राचा मालकच असतो. बहिर्जीच्या पूर्वजांवर, त्याच्या स्वभावावर आणि त्याच्या कर्तबगारीवर अशी मालकी कोणाची? तीन तासांच्या चित्रपटात उमटलेले रूप जेव्हा शाळकरी मुलाच्या मनात कायमचे ठसते, तेव्हा सभासदाच्या दोन प्रसंगांपेक्षा तेच रूप अधिक खरे होऊन बसते. ऐतिहासिक हेराच्या नटावर ही जबाबदारी पडते, आणि ती बाँडच्या कोणत्याही नटावर पडलेली नाही.

बाँडविषयी आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. जगातला सर्वांत प्रसिद्ध हेर भेटेल त्याला आपले खरे नाव दोनदा सांगतो! ज्या खात्यात तो नोकरीस आहे असे दाखवितात त्या खात्याचे अस्तित्व ब्रिटिश सरकारने कायद्याने मान्य केले ते १९९४ साली. म्हणजे तीस-बत्तीस वर्षे सरकार ज्याविषयी मौन पाळत होते त्याच खात्याचा नोकर पडद्यावरून नाव-गाव सांगत हिंडत होता. सरकारी कामकाजाची ज्यांना माहिती आहे त्यांना यातली मौज विशेष कळेल.

ज्या ऑक्टोबर १९६२ मध्ये 'डॉक्टर नो' लंडनला प्रथम दाखविला गेला, त्याच महिन्यात दिल्लीस आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. प्रभाकर पणशीकरांनी त्यात लखोबा लोखंडे रंगविला. लखोबा हा हेर नव्हे, ठकसेन आहे. पण कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज अशी नाना रूपे तो घेतो, आणि न्यायालयात विचारल्यावर आपली ओळख साफ नाकारतो. फिरत्या रंगमंचामुळे एक रूप जाऊन दुसरे येण्यास क्षणाचाही विलंब लागत नसे. प्रेक्षक हजारो प्रयोगांतून पुन्हा पुन्हा तेच पाहावयास गेले, ते कोण काय करतो हे कळावे म्हणून नव्हे. सारे आधीच ठाऊक असताना पणशीकर ते नाकारतात कसे, हे पाहण्यातच त्यांना रस होता. बाँड आपले नाव पुढे करतो, लखोबा ते झटकून टाकतो. हेराचा खरा धर्म कोणाच्या मुखात आहे हे सांगावयास नको. एका भूमिकेस अनेक नट, हे बाँडचे. एका नटास अनेक रूपे, हे लखोबाचे. बहिर्जीच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकदम आल्या.

सोंग आणि हेरगिरी यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे प्रकारच सांगितले आहेत. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस हे एका जागी राहून काम करणारे. सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे संचार करणारे. विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी ही समाजात नित्य दिसणारी माणसे, म्हणून त्यांचाच वेष घ्यावयाचा. नट, नर्तक, गायक यांचाही उपयोग करून घ्यावा असे कौटिल्य सांगतो. तीन हेरांच्या बातम्या एकमेकांशी जुळल्या तरच बातमी खरी मानावी, ही त्याची शिकवण तर कोणत्याही कचेरीत टांगून ठेवावी इतकी व्यवहारी आहे. पण या नियमाचा एक अर्थ असाही होतो की, एकटा हेर कधीच पुरेसा नसतो. सुरतेची बातमी बहिर्जीने आणली, परंतु तिची खातरजमा करणारी आणखी माणसे असलीच पाहिजेत. ती कोण होती? लोकस्मृतीने आणि तिच्यामागून चित्रपटाने त्या सगळ्यांचे काम एकट्या बहिर्जीच्या नावे जमा केले आहे.

महाराष्ट्रातला बहुरूपी सर्वांच्या ओळखीचा. तो फौजदार होऊन दारात येतो, दरडावतो, आणि घरातली मुले घाबरली की मग हसून हात पुढे करतो. त्याच्या कलेची परिपूर्ती ओळख पटण्यातच आहे. ओळखला नाही तर त्याला बक्षिसी मिळत नाही. हेराचे याच्या नेमके उलट. वेष तोच, हावभाव तेच. पण ओळख पटली तर त्याला बक्षिसी मिळते ती तलवारीची. चित्रपटातल्या बहिर्जीची मोठी अडचण ही की, तो कथेत हेर असतो आणि चित्रपटगृहात बहुरूपी. प्रेक्षक टाळी वाजवितो ती फकिराच्या दाढीआडचा नट ओळखल्याबद्दल.

प्रसाद ओक आणि हरीश दुधाडे यांच्यावरून होणाऱ्या वादाचे मूळ येथे सापडते. 'फर्जंद' आला तेव्हा ओक यांचा चेहरा आणि आवाज रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांमुळे घरोघर परिचित झालेला होता. त्यांनी कोणतेही सोंग घेतले तरी ते सोंग ओकांचे आहे हे पहिल्याच वाक्याला कळणार, आणि ते कळल्यावर मग पुढचा आनंद आवाजाच्या, चालीच्या आणि हातवाऱ्यांच्या बदलाचा. ज्यांना हा बहुरूप्याचा आनंद हवा असतो त्यांना ओळखीचा नट आवडतो. दुधाडे तितके ओळखीचे नव्हते. गर्दीत मिसळणारा, पाठ फिरली की विसरला जाणारा माणूस ज्यांना हवा असतो, त्यांच्या पदरात कमी परिचित चेहरा अधिक काही टाकतो. दोन्ही पक्ष नटाविषयी बोलत असतात, पण मतभेद असतो तो हेराविषयीच्या कल्पनेत.

शिवाय दोन्ही चित्रपटांच्या कथांनी त्या भूमिकेवर टाकलेला भारही निराळा आहे. 'फर्जंद'चा विषय १६७३ च्या मार्चमधला पन्हाळ्याचा विजय. कोंडाजी फर्जंदाने निवडक साठ माणसांनिशी तो किल्ला घेतला, आणि त्याच वर्षी जयराम पिंडे या कवीने त्यावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचले. तेथे नायक कोंडाजी आहे. हेर हा त्याचा सहायक. 'फत्तेशिकस्त'चा विषय लाल महाल. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी पुण्यात शिरून शायिस्तेखानाच्या निजण्याच्या जागेपर्यंत मजल मारली. खानाचा मुलगा मारला गेला आणि खान बोटे गमावून बचावला. त्या प्रसंगात बातमीला फार मोल आहे. परंतु त्यातही एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. लाल महाल हा महाराजांच्या बालपणीचा वाडा. त्याच्या भिंती, दारे, मुदपाकखाना कोठे आहे हे त्यांना कोणा हेराने सांगण्याची गरज नव्हती. गरज होती ती दुसऱ्याच माहितीची: रमजानचा महिना चालू असता चौक्यांवरची माणसे कधी सुस्तावतात, खानाचा जनाना कोठे उतरला आहे, बुजविलेली दारे कोणती. ही माहिती तलवार परजून मिळत नाही. भिस्ती, खानसामे, दिवट्या धरणारे यांच्याजवळ बसून, त्यांचे रडगाणे ऐकून घेऊन ती मिळते.

सगळ्याच चित्रपटांना, आणि म्हणून सगळ्याच नटांना, येथे मोह पडतो. हेराचे खरे काम ऐकण्याचे आहे, आणि ऐकणे पडद्यावर दाखविणे कठीण. म्हणून मग हेराच्या हाती तलवार येते, तो भिंतीवरून उड्या घेतो, एकटा पाचपन्नासांशी झुंजतो. बाँडचे असेच झाले, आणि आपल्याकडच्या हेरांवरही त्याची छाया पडली आहे. बहिर्जीने कधी तलवार चालविलीच नसेल असे नाही. जालन्याच्या वाटेवर ती चालवावी लागलीही असेल. पण त्या तीन रात्रींत त्याचा खरा पराक्रम शत्रूशी गाठ न पडू देण्याचा होता. मागे मोगल फौज, पुढे अंधार, ओझ्याने थकलेली जनावरे आणि बरोबर प्रत्यक्ष छत्रपती. अशा वेळी कोणत्या ओढ्याला पाणी आहे आणि कोणत्या गावचे कुत्रे भुंकेल, हे आठवत पुढे चालणारा माणूस कोणत्याही द्वंद्वयुद्धाहून अधिक नाट्यमय आहे. हा प्रसंग एखाद्या दिग्दर्शकाने पूर्ण लांबीने रंगविला, आणि नटाने त्यात फारसे न बोलता केवळ कान देऊन चालण्याचा अभिनय केला, तर प्रेक्षकांच्या वादाला काही निराळेच वळण लागेल.

बहिर्जीच्या नावाचाच एक बोलपट १९४३ साली निघाला होता. त्या वेळच्या प्रेक्षकांनीही आपापला बहिर्जी मनात ठरविला असेलच. आज ती मते सांगावयास फारसे कोणी उरलेले नाही. नव्या पिढीने ओक आणि दुधाडे यांच्यात निवड केली. पुढील पिढी आणखी कोणाला पाहील आणि या दोघांनाही जुने म्हणेल.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बाणूरगड नावाचा किल्ला आहे. शिवकाळात त्यास भूपाळगड म्हणत. १६७९ साली दिलेरखानाने जो घेतला तो हाच. बहिर्जी नाईकाचा शेवट तेथे झाला असे परंपरा सांगते, आणि गडावर त्याची समाधी म्हणून एक स्थान दाखविले जाते. चित्रपट पाहून आलेली मंडळी आता तेथे जाऊ लागली आहेत. ती चौथऱ्यासमोर उभी राहतात, हात जोडतात, आणि गड उतरताना वाद पुन्हा सुरू होतो.